चिरंजीव की तीर्थरूप?

मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. तेथून तापी-पूर्णेच्या संगमाकडे गेले की चांगदेव हे गाव लागते. वयोवृद्ध योगी चांगदेवांची कथा सर्वश्रुत आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहावयास ते बसले आणि मायन्यावरच अडले. 'चिरंजीव' लिहावे, तर हा मुलगा ज्ञानाने थोर. 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने लहान. अखेर त्यांनी कोराच कागद धाडला. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पुढे चांगदेवांनी मुक्ताईला गुरू केले, असे परंपरा सांगते. ती तर भावंडांत सर्वांत धाकटी, त्यात मुलगी, आणि संन्याशाची पोर म्हणून वाळीत टाकलेल्या घरातली.

'समुपदेशन' हा शब्द अलीकडचा. पण त्यातील सत्तेचा पेच त्या कोऱ्या कागदावर स्पष्ट दिसतो. चांगदेवांपाशी प्रतिष्ठा होती, म्हणून अडखळणे त्यांना परवडले. आपल्याकडे केळीच्या बागेत मजुरी करणारी पावरा स्त्री दुःख सांगावयास येते, तेव्हा मायना आधीच ठरलेला असतो: तिला 'तू', समोरच्याला 'साहेब'. (किंवा 'फादर'.) ती आपल्या बोलीत सांगू लागते, आपण तिचे वाक्य पुस्तकी मराठीत दुरुस्त करून तिलाच परत देतो. त्यात अर्धी हकिगत गळून जाते. ती मान डोलावते, आणि आपण ती संमती समजतो. नवरा मारतो असे तिने सांगावे व आपण सहनशीलता शिकवावी, याला मी समुपदेशन म्हणणार नाही. ते बलवानाच्या बाजूने दिलेले मत होय, शब्द कितीही मवाळ असोत.

रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाची मुक्ताईने समजूत घातली, ती बाहेर उभी राहून. ताटी तिने तोडली नाही. अशा अंतराचे मोल ख्रिस्तसभेनेही अनुभवातून जाणले. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ यांनी पापनिवेदक आणि धर्मगुरू यांच्यामध्ये जाळी बसविण्याचा नियम केला. केवळ सद्हेतूवर त्यांनी विसंबून ठेवले नाही. १९८३ च्या विधिसंहितेनुसार अशी जाळी असलेली जागा उपलब्ध असावीच लागते, आणि तिचा उपयोग करण्याची मोकळीक भाविकाला असते.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याने (२०१७) जात, धर्म, लिंग, वर्ग, अपंगत्व यांवरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. कायदा दार उघडतो. आत तिला खुर्ची मिळते की भिंतीशी उभे राहावे लागते, हे कायद्याला दिसत नाही.

मग तिची बोली जाणणारी दुसरी बाई शेजारी बसवावी काय? जरूर बसवावी. मात्र ती त्याच पाड्यावरची निघाली, तर गुपित गुपित राहील काय? कोणाला बसवावे हे त्या स्त्रीलाच विचारावे, आणि तेही तिचा नवरा बाहेर गेल्यावर.