गाई कुणाच्या, ज्ञान कुणाचे?

यंदाच्या जून महिन्यात आमच्या घरात एक वाद सुरू झाला आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही. जूनमध्ये वाद कुणाच्या घरी होत नाहीत? मुलाने कोणत्या शाखेला जावे, वसतिगृहात राहावे की घरून ये-जा करावी, यावरून घरोघरी भांडी वाजतातच. आमचा वाद थोडा निराळा होता. माझ्या नातीने बारावीनंतर असा एक अभ्यासक्रम निवडला होता, की ज्यात आठवड्याचे काही दिवस महाविद्यालयात बसावयाचे आणि उरलेले दिवस एका कारखान्यात काम करावयाचे. पदवी विद्यापीठाची, विद्यावेतन कंपनीचे. फीचा मोठा भागही कंपनीच भरणार. या सगळ्याच्या बदल्यात पदवीनंतर दोन वर्षे त्याच कंपनीत राहावयाचे. मध्येच सोडल्यास झालेला खर्च परत करावयाचा.

सूनबाई म्हणाल्या, "अठराव्या वर्षी पोरीनं कार्ड पंच करायचं? मग कॉलेजचे दिवस म्हणतात ते तिनं पाहायचे कधी?" मुलगा म्हणाला, "पदवी घेऊन तीन वर्षं अर्ज करीत फिरण्यापेक्षा हे बरं." आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईंनी पहिल्या पगाराचे पेढे कुठून आणावयाचे एवढाच प्रश्न शिल्लक आहे, असे जाहीर केले. तेव्हा नात माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्हीही नोकरी करूनच शिकलात ना? मग तुम्हीच सांगा. यात चूक आहे का?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो." तो उद्या चार महिन्यांनी उगवला आहे. तिला जे तेव्हा नीट सांगता आले नाही, ते आता लिहून पाहतो.

शिकणे आणि राबणे यांची ताटातूट करावी, ही समजूत आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे असे आपण मानतो. परंतु आपल्या जुन्या गोष्टी काही निराळेच सांगतात. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल आठवा. तो शिकावयास गेला, गुरूने त्याला जवळ केले, आणि पहिल्याच दिवशी हाती काय दिले? पोथी नव्हे, चारशे हाडकुळ्या गाई. त्यांच्या हजार झाल्याखेरीज परतणार नाही, असे म्हणून तो रानात गेला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. तिथे त्याला बैलाने शिकवले, अग्नीने शिकवले, हंसाने शिकवले, पाणकोंबडीसारख्या एका पाखरानेही शिकवले. आजच्या हिशेबी माणसाला यात गुरूचा सहाशे गाईंचा निव्वळ नफा तेवढा दिसेल, आणि तो दिसणे अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. परत आल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचे तेज पाहून गुरूने विचारले, तुला कुणी शिकवले? तो म्हणाला, माणसांनी नव्हे; पण आता तुम्ही शिकवा. कामाने एवढे दिल्यानंतरही गुरूकडे मागण्यासारखे काहीतरी उरलेच होते. ते काय, हाच माझ्या नातीच्या प्रश्नाचा गाभा आहे.

आपल्या प्रांतात तरी कमावता कमावता शिकणे ही हौस कधीच नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवस ज्यांचा स्वतःचा नव्हता त्यांच्यासाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिच्या वसतिगृहांतली मुले हाताने काम करून शिकली; १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या शिवाजी कॉलेजातही 'कमवा आणि शिका' हाच मंत्र होता. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. विद्या निर्भेळ असावी, तिला पैशाचा स्पर्श नको, असे म्हणणारांच्या घरी महिन्याचे धान्य कुठून तरी येत असते. त्यांनी हे विसरू नये.

तेव्हा नोकरी करीत शिकण्यात चूक आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असेच आहे. पण चूक होण्याची जागा त्यात आहे, आणि ती मी स्वतः करून पाहिली आहे.

१९६५ साली मी मुंबईत फोर्टमधल्या एका व्यापारी कंपनीत हिशेबनीस-कारकून म्हणून लागलो. पगार १४० रुपये. पहाटे पाचला चाळीतले पाणी भरावयाचे, सव्वासातला सकाळच्या कॉलेजात हजर व्हावयाचे आणि दहाला कचेरीत. वडील नव्हते, पाठीमागे दोन बहिणी होत्या. मी फार कष्ट करतो, असे चाळीतले लोक म्हणत, आणि मलाही ते ऐकावयास आवडे. प्रत्यक्षात मी काय करीत होतो? कचेरीत खतावणीखाली अर्थशास्त्राचे पुस्तक ठेवून वाचत होतो, आणि वर्गात प्राध्यापक बोलत असताना वहीच्या मागच्या पानावर कचेरीच्या बेरजा करीत होतो. यात मला लबाडी तर दिसत नव्हतीच; उलट वेळेचा किती चतुर उपयोग आपण करतो, याचा अभिमानच होता.

मार्चअखेरचे हिशेब चालले होते. तेरीजपत्रक काही केल्या जुळेना. १८० रुपयांचा फरक. रात्रीचे नऊ वाजले तरी आमचे हेडक्लार्क खुर्चीवरून उठले नाहीत. शेवटी ते म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातो. म्हणजे रक्कम राहिलेली नाही, कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झालीय." आणि अर्ध्या तासात त्यांनी ती शोधून काढली. पान पुढे ओढताना १५३० च्या जागी मी १३५० लिहिले होते. त्यांनी ती तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "त्या दिवशी खतावणीखाली काय होतं?"

मी खाली मान घातली. ते रागावले नाहीत. साहेबांच्या कानावरही त्यांनी काही घातले नाही. एवढेच म्हणाले, "इथं पुस्तक वाचतोस, म्हणजे तिथं खतावणी वाचत असशील. दोन्हीकडे चोरी होतेय, आणि माल कुणाच्याच घरात जात नाही. उद्यापासून साडेपाच वाजले की खतावणी मिटायची. त्यानंतर तासभर टेबल तुझं, दिवा तुझा. मी बसतो तोवर."

आणि खरोखरच ते बसत. वर्तमानपत्र वाचीत, कधी नुसतेच खिडकीबाहेर बघत. कंपनीला त्या तासाचा काही फायदा नव्हता, हेडक्लार्कांना नव्हता, आणि कॉलेजच्या हजेरीपटावरही त्याची नोंद होत नव्हती. तो तास कुणालाच विकलेला नव्हता. आज मागे वळून पाहताना मला वाटते, की माझे जे काही शिक्षण झाले ते त्या तासात झाले.

त्या नऊच्या आकड्याने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. नऊच का? आठ का नाही? संख्याशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना मी वर्गानंतर गाठले. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. कोणतीही दोन अंकी संख्या घ्या. दशकाचा अंक दहापट मोजला जातो, एककाचा एकदा. अंकांची जागा बदलली की प्रत्येक अंकामागे दहा आणि एक यांतला फरक पडतो, म्हणजे नऊ. दोन अंकांतला जो फरक असेल त्याची नऊपट चूक होणारच. १५३० आणि १३५० मध्ये पाच आणि तीन यांची जागा बदलली. फरक दोनाचा, नऊपट अठरा, आणि ते दशकाच्या घरापासून सुरू होतात म्हणून एकशेऐंशी. मी संध्याकाळी हे हेडक्लार्कांना सांगितले. ही युक्ती ते तीस वर्षे वापरीत होते. त्यांनी कागदावर दोनदा करून पाहिले आणि ते लहान मुलासारखे हसले. "अरे, असं आहे होय!" म्हणाले. पगारवाढीच्या दिवशीही त्यांचा चेहरा तसा फुललेला मी पाहिला नाही.

मला वाटते, सत्यकाम परत येऊन गुरूजवळ मागत होता ते हेच. काम माणसाला 'कसे' ते शिकवते, आणि फार चांगले शिकवते. खुद्द कचेरीत बसल्यावाचून मला तो नऊचा आकडा कधी भेटलाच नसता. पण 'का' हे विचारावयास निराळी जागा लागते. जिथे उत्तराची घाई नाही आणि ज्याचे उत्तर कुणाच्या फायद्याचे असलेच पाहिजे असा नियम नाही, अशी जागा. तिलाच आपण विद्यापीठ म्हणतो. निदान म्हणावे अशी अपेक्षा असते.

माझ्या वेळी या दोन जागा वेगळ्या होत्या. कचेरीला माझे कॉलेज ठाऊक नव्हते, कॉलेजला माझी कचेरी. आता त्या एकाच कागदावर सह्या करतात. जर्मनीत हे फार दिवस चालू आहे. ज्या स्टुटगार्ट शहराशी मुंबईचे १९६८ पासून भगिनीनगर म्हणून नाते आहे, तिथे आणि मानहाइम येथे १९७४ साली अशा संस्था निघाल्या, आणि २००९ साली त्यांना उच्च शिक्षणसंस्थेचा पूर्ण दर्जा मिळाला. विद्यार्थ्याचा करार आधी कंपनीशी होतो. मग साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी. त्यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. वर्गाच्या महिन्यांतही कंपनी विद्यार्थ्याला पैसे देते. म्हणजे ती केवळ त्याच्या हातांचे मोल देत नाही. त्याने काही काळ तिच्या उपयोगी न पडण्याचेही मोल देते. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासातच उमेदवारी गुंफण्याची वाट मोकळी झाली. त्या जुन्या कायद्यात एक वाक्य असे आहे, की शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. या वाक्याच्या दोन बाजू आहेत. कामगाराचे हक्क नाकारावयासही ते उपयोगी पडते, आणि "मी इथे शिकावयास आलो आहे, मला विचारू द्या," असे म्हणावयासही उपयोगी पडते. ते कोण कशासाठी वापरतो, यावर सगळे अवलंबून आहे.

एक साधे उदाहरण देतो. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर संरक्षक जाळी असते. ती काढली की हात भरभर चालतो आणि दिवसाचे नग वाढतात. काही ठिकाणी ती काढतातही, आणि मग कुणाची तरी बोटे जातात. कारखान्यात माझ्या नातीला नग कसे वाढवावेत हे शिकवतील. महाविद्यालयात जाळी का असते हे शिकवतील. ज्या दिवशी तिला ती जाळी काढून भिंतीला टेकवलेली दिसेल, त्या दिवशी ती कोण असेल? विद्यार्थिनी असेल, की जिची फी कंपनीने भरली आहे अशी मुलगी? तिचे प्राध्यापक तिच्या बाजूने उभे राहतील, की पुढच्या वर्षी कंपनीने पुन्हा तीस जागा द्याव्यात म्हणून गप्प बसतील? या व्यवस्थेची खरी परीक्षा तीच. बाकीच्या परीक्षा गुणपत्रिकेवर येतात. ही येत नाही.

दोन वर्षांच्या अटीबद्दल माझे मन तितकेसे कडवट नाही. जो खर्च करतो त्याने काही मागावे, यात अन्याय नाही. फक्त ते आधी स्पष्ट सांगावे आणि फेडता येण्याजोगे असावे. कर्ज कागदावर लिहिता येते. कृतज्ञता लिहून घेता येत नाही, आणि ती मागू लागले की आटते. त्या हेडक्लार्कांनी माझ्याकडून काहीच लिहून घेतले नव्हते. त्यांचे ऋण मी अजून फेडतो आहे. सत्यकामाने हजार गाई गुरूच्या दारात बांधल्या, हे योग्यच झाले; गाई गुरूच्याच होत्या. परंतु रानात त्याला जे उमगले, त्यावर गुरूने हक्क सांगितला नाही. करारात गाईंचा हिशेब चोख असावा. ज्ञान मात्र त्या हिशेबात धरू नये, एवढेच माझे म्हणणे.

नातीने सही केली. जुलैपासून ती जाते. पहिल्या विद्यावेतनाचे पेढे आले, सूनबाईंनीही दोन खाल्ले. तिच्या आठवड्यात कुणालाही न विकलेला एक तास आहे का, हे मी दर रविवारी विचारतो. कधी असतो, कधी नसतो.

गेल्या रविवारी चकलीची भाजणी दळून आणून ती माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "आजोबा, त्या जाळीचं मी विचारलं."

"मग?"

"साहेब म्हणाले, बघू."

"आणि कॉलेजात?"

"सरांनी लिहून आणायला सांगितलंय. उद्या देणार आहे."

'बघू' हे काही उत्तर नव्हे. सरांचे उत्तर यावयाचे आहे. म्हणून म्हणतो, आमच्या घरातल्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.