विश्रांतीचा वार

रविवारची सुट्टी आपणांस अनादि वाटते. पण मुंबईच्या गिरणीकामगारांस ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें १८९० सालीं मिळाली. वार ईश्वरदत्त नसल्यानें सरकारें ते बदलतात. संयुक्त अरब अमिरातीनें २०२२ पासून शुक्रवार-शनिवारऐवजीं शनिवार-रविवार धरला. महाराष्ट्र सरकारनें २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या बहुतेक कचेऱ्यांना उरलेले शनिवारही दिले व भरपाईसाठीं रोज पाऊण तास वाढविला. तासांचा हिशेब चोख, न्यायाचा? विश्रांति हा मनुष्यमात्राचा हक्क, तर तो हजेरीपटावर नांव असणाऱ्यांपुरता कां? (आम्हां पगारदारांस हा प्रश्न सहसा सुचत नाहीं.) सुरगाण्याच्या डोंगरांतून येणाऱ्या शेतमजुराच्या आठवड्यांत सुट्टीचा वारच नाहीं. एक दाखला काढावा तर त्याचा एक रोज बुडतो, आणि तो रोज त्या पाऊण तासाच्या हिशेबांत बसत नाहीं.