जब्याला कुणी बघू नये

‘फँड्री’ महाराष्ट्रातल्या थिएटरांत लागला तो १४ फेब्रुवारी २०१४ रोजी. ही तारीख योगायोगानं येत नाही. महिनाभर आधी ‘टाइमपास’नं कोवळ्या प्रेमावर मराठीत केवढा गल्ला जमू शकतो हे दाखवून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी ‘शाळा’ येऊन गेला होता, आणि अजय-अतुल यांचं एक गाणं जाहिरातींतून सगळीकडं वाजत होतं. ते गाणं चित्रपटात नाही. प्रेमकथा म्हणून तिकीट काढलेल्या माणसाला आत एक मुलगा भेटतो, ज्याचं आपल्या आवडत्या मुलीशी प्रेमकथेला पुरेल एवढंही बोलणं होत नाही. मला ही फसवणूक वाटत नाही. उलट तो एक चांगला सापळा होता असं वाटतं. प्रश्न इतकाच, की सापळ्यात सापडलेला प्रेक्षक त्यातून इतक्या सहज बाहेर कसा पडला.

वयात येण्याच्या चित्रपटांचं बहुतेक सगळं बळ एका इच्छेवर उभं असतं. आपल्याकडं कुणीतरी बघावं. ‘शाळा’तल्या जोशीला शिरोडकरनं बघावंसं वाटतं, ‘टाइमपास’मधल्या दगडूला प्राजक्तानं. जोशीचं दुःख खोटं नाही. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीत आणि सुजय डहाकेच्या चित्रपटातही ते जपून सांभाळलंय. पण त्याच्या पाठीशी घर आहे, समजून घेणारा नरूमामा आहे, आणि वर्गातला त्याचा बाक त्याचाच आहे. जग त्याला थोडं खरचटवेल आणि आत घेईल, एवढी हमी पहिल्या प्रसंगापासून असते.

दिग्दर्शक नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’तल्या जब्याला, म्हणजे जांबुवंत कचरू मानेला, अशी हमी नाही. कैकाडी समाजाचं हे घर गावाच्या कडेला आहे. इंग्रजी अमलात ज्यांना गुन्हेगार जमात म्हणून नोंदवलं गेलं आणि १९५२ साली कागदावर मोकळं केलं गेलं, त्यांतला हा समाज. आजही तो विदर्भात अनुसूचित जातीत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोजला जातो. चित्रपट यातलं काही समजावत बसत नाही. त्याला जब्याची एकच अडचण दाखवायची आहे. आवडत्या शालूनं आपल्याला जीन्समध्ये बघावं असं या पोराला वाटतं, आणि गावासाठी डुकरामागं धावताना तिनं आपल्याला बघू नये असंही वाटतं. दिसायची आणि लपायची ओढ एकाच अंगात. सगळा चित्रपट या दोन ओढींच्या ताणावर चालतो.

म्हणूनच परीक्षणांत आणि गप्पांत वारंवार आलेला ‘निरागस’ हा शब्द मला पटत नाही. जब्या निरागस नाहीच. त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे. कुठं उभं राहिलं की आपण दिसतो, कुठल्या झुडपाआड दिसत नाही, याचा त्याला पक्का हिशेब आहे. काळी चिमणी पकडून, तिची राख करून ती शालूवर टाकायचा त्याचा बेत भाबडा वाटतो खरा, पण जात ओलांडायचा दुसरा कुठला मार्ग गावात शिल्लक आहे? ही कल्पना त्याच्या डोक्यात भरवणारा चंक्या स्वतः दिग्दर्शकानं साकारला आहे, हे मला फार बोलकं वाटतं. ज्यानं कॅमेरा हाती घेतला त्यालाच जादूवर थोडा विश्वास ठेवावा लागला असणार.

जत्रेचा प्रसंग आठवा. नवे कपडे घालून जब्या नाचणाऱ्यांत शिरतो. थोडा वेळ तो कुणाचा कोण हे कुणी विचारत नाही. मग बाप त्याला हाक मारून बाजूला घेतो आणि त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती देतो. गाव नाचतं, आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून जब्यानं उजेड धरायचा. मराठी पडद्यावर जातीबद्दल याहून नेमकं काही बोललं गेल्याचं मला तरी आठवत नाही, आणि त्यात जातीचा उल्लेखही नाही.

बापाबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण कौतुकाच्या गर्दीत तो मागं पडला. किशोर कदमांचा कचरू मार खाऊन खाऊन वाकलेला माणूस आहे, असं सोपं वाचन झालं. पण वाकणं हे त्याचं कौशल्य आहे. लेकीच्या लग्नाला पैसे हवेत, गावाला डुकरं पकडून हवी आहेत, आणि डोळे खाली ठेवले तर व्यवहार जमतो हे तो शिकलाय. लपलेल्या जब्याला तो बडवतो, कारण पोराला लाज परवडायला लागली आहे आणि घराला ती परवडत नाही. वयात येण्याच्या गोष्टीत बाप सहसा अडथळा असतो. इथं तो वीस-पंचवीस वर्षांनंतरचा जब्याच आहे. छाया कदमांची आई हे सगळं जाणून गप्प आहे.

शेवटच्या भागात घर डुकरामागं धावतं आणि गाव बघायला जमतं. पोरं हसतात, ओरडतात, सामना रंगावा तसा तो खेळ रंगतो. बघणाऱ्यांत शालूही असते. डुक्कर हाती येणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, मागोमाग घरातले उभे राहतात, आणि डुक्कर निसटतं. इथं प्रेक्षक हसतो. आपल्याकडं २००३ पासून थिएटरांत चित्रपटाआधी राष्ट्रगीत होतं. म्हणजे हसणारा तो प्रेक्षक तासा-दीड तासापूर्वी स्वतः तसाच उभा राहून खाली बसलेला होता. मंजुळेनं ही जुळणी ठरवून केली असेल-नसेल, पण महाराष्ट्राबाहेरच्या कुठल्या महोत्सवात ती अशी साधली नसती. मग अखेर पकडून बांधलेलं डुक्कर काठीला लटकवून माने कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जातं. भिंतीवर आंबेडकर आहेत, फुले आहेत, गाडगेबाबा आहेत. चित्रांखालून डुक्कर जातं.

आणि मग दगड. जब्या छळणाऱ्यावर तो भिरकावतो, तो कॅमेऱ्याकडं येतो आणि पडदा काळा होतो. जगाच्या सिनेमात याला एक थोरला भाऊ आहे. त्रुफोच्या १९५९ सालच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये सुधारगृहातून पळालेला आंत्वान समुद्रापाशी पोचतो, वळून आपल्याकडं बघतो आणि चित्र तिथंच गोठतं. त्याच्या नजरेत प्रश्न आहे, आणि प्रश्नाला आपण हवं ते उत्तर देऊ शकतो. दगडाला उत्तर देता येत नाही. तो चुकवता येतो फक्त.

आपण तो कसा चुकवला हीच ‘फँड्री’च्या स्वागताची कथा. त्याला टाळ्या कमी पडल्या असं कुणी म्हणू शकणार नाही. २०१३ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात परीक्षक मंडळाचं मोठं पारितोषिक मिळालं, पुढं पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि करमाळा तालुक्यातल्या केमचा, हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे उत्कृष्ट बालकलाकार ठरला. लोकांनी रडून दाद दिली. पण टाळी वाजवणारा माणूस त्या क्षणी परीक्षक झालेला असतो, आणि परीक्षकावर दगड पडत नाही. दुसरी पळवाट त्याहून जुनी: दाहक वास्तव म्हणायचं आणि ते लांबच्या कुठल्या तरी गावाला, मागच्या कुठल्या तरी काळाला देऊन टाकायचं. आता असं कुठं राहिलंय, हे वाक्य त्या महिन्यांत शिकल्यासवरल्या घरांत मी पुरेसं ऐकलं.

त्याच वर्षी २८ एप्रिलला, म्हणजे चित्रपट लागून अडीच महिने होतात न होतात तोच, करमाळ्यापासून फार लांब नसलेल्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच संशय होता. खटल्यात साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. चित्रपटानं हे थांबवायला हवं होतं असं म्हणणं वेडेपणाचं आहे, तसलं ओझं मी कुठल्याच कलाकृतीवर टाकणार नाही. पण पडद्यावरच्या गावानं जे केलं तेच साक्षीदारांनी केलं, हे कसं विसरायचं? बघितलं सगळ्यांनी.

मंजुळेनं या प्रतिसादातून काय घेतलं हे ‘सैराट’मध्ये दिसतं, असा माझा अंदाज आहे. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या त्या चित्रपटानं दगड आधी दाखवलाच नाही. अर्धा चित्रपट गाणी दिली, हसू दिलं, बुलेटवरची आर्ची दिली. लोक खुर्च्या सोडून नाचले, मराठीत पहिल्यांदा कमाई शंभर कोटींवर गेली असं सांगितलं गेलं, आणि शेवटाला त्याच थिएटरांत चिडीचूप झाली. तरी वरातींतून गाजली ती गाणीच. २०१८ मध्ये त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ आला तेव्हा गोष्ट उदयपूरला गेली होती आणि जात इतकी पातळ झाली होती की शोधावी लागावी. तरी चित्रपट उभा राहिला, कारण ‘सैराट’मधून जात वजा केली तरी सुंदर पोरगा, श्रीमंत पोरगी आणि चार गाणी उरतात. ‘फँड्री’त ती वजाबाकी करून बघा. डुक्कर जातं, गॅसबत्ती जाते, कचरूचं वाकणं जातं, चिमणीच्या राखेची गरज उरत नाही. जीन्स हवी असलेला एक शाळकरी पोरगा उरतो, आणि तेवढ्यावर कुणी निर्माता पैसे लावील असं मला वाटत नाही.