खाटेच्या जागी काय?

रुग्णालयातील मुक्काम लांबला की त्याचे कारण प्रथम आजारात शोधले जाते. परंतु अनेकदा ते उपचारांचे पैसे कोण, कशासाठी आणि कोणत्या अटीवर देतो यात असते. अनावश्यक मुक्काम म्हणजे केवळ गरज नसताना दाखल होणे नव्हे. जे उपचार बाह्यरुग्ण विभागात किंवा घरी तितक्याच सुरक्षितपणे देता आले असते, त्यांसाठी खाटेवर काढलेला प्रत्येक दिवस या व्याख्येत येतो. अमेरिकेत १९८१ साली गर्टमन आणि रेस्टुचिया यांनी मुक्कामातील प्रत्येक दिवस स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत मांडली, आणि तिचे महत्त्व असे की दाखल होणे योग्य असूनही नंतरचे काही दिवस वाया गेलेले असू शकतात, हे तिच्यामुळे मोजता येऊ लागले. अहवालाची वाट पाहण्यात, तज्ज्ञांच्या भेटीसाठी किंवा रविवार मध्ये आला म्हणून जाणारे दिवस आजाराच्या नव्हे, व्यवस्थेच्या खात्यावर मांडावे लागतात.

या दिवसांची किंमत केवळ पैशांत नसते. ब्रिटिश वैद्य रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच सक्तीच्या अंथरुणाचे धोके मांडले होते: शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू क्षीण होतात, त्वचेवर व्रण पडतात आणि मन खचते. वृद्धांच्या बाबतीत हे फार लवकर घडते, आणि चालत आलेला माणूस आधाराशिवाय उभा राहू शकत नाही अशा अवस्थेत घरी परततो. शिवाय रुग्णालयातच जडणाऱ्या, औषधांना दाद न देणाऱ्या जंतुसंसर्गाची टांगती तलवार असतेच. पैशांचा हिशेब पाहू गेल्यास, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये, बाळंतपण वगळता, एका वेळच्या रुग्णालयीन उपचारांचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,४५० रुपये, तर खासगी रुग्णालयात सुमारे ३१,८५० रुपये होता. सोबत राहणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी या आकड्यांत धरलेली नाही.

तरीही मुक्काम आवश्यकतेपेक्षा अधिक होतो, कारण भारतातील आरोग्यविम्याची रचनाच खाटेभोवती उभी आहे. सर्वसाधारण पॉलिसीत सलग किमान २४ तास दाखल राहिल्याशिवाय रुग्णालयीन उपचार झाले असे मानले जात नाही. मोतीबिंदूसारख्या, त्याच दिवशी घरी सोडता येणाऱ्या ठरावीक ‘डे-केअर’ उपचारांचा तेवढा अपवाद केलेला असतो. ज्या रुग्णाचे काम तपासण्या, काही तासांची देखरेख आणि दुसऱ्या दिवशीची फेरतपासणी यांवर भागले असते, त्याला बहुतेक पॉलिसींतून काहीच मिळत नाही, आणि तोच रात्रभर दाखल राहिला तर बहुतांश बिल मंजूर होते. अशा वेळी दाखल होणाऱ्या कुटुंबाला लबाड ठरवणे अन्यायाचे आहे. नियमाने जो मार्ग स्वस्त केला, तोच त्याने धरलेला असतो. २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, पण तेही दाखल होण्यावर अवलंबून आहे. शस्त्रक्रियांसाठी तिच्यात एकरकमी पॅकेज असल्याने रुग्णालयाला रुग्ण लवकर घरी जाणे परवडते, तर औषधोपचारांच्या अनेक पॅकेजांत मोबदला दिवसागणिक असल्याने त्याच छताखाली नेमका उलटा कल तयार होतो.

शेवटचा दिवस तर बहुधा कागदपत्रांतच जातो. सकाळच्या फेरीत डॉक्टर घरी जाण्यास सांगतात, बिल तयार होते, फाइल विमा कंपनीकडे किंवा तिच्या वतीने दावे तपासणाऱ्या टीपीएकडे जाते आणि मंजुरी येईपर्यंत बरा झालेला माणूस खाट अडवून बसतो. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घातली आणि उशिरामुळे रुग्णालयाने आकारलेली जादा रक्कम विमा कंपनीवर टाकली. उपाय छोटा असला, तरी उशिराचा भुर्दंड उशीर करणाऱ्यानेच सोसावा हे त्यातील तत्त्व मुक्कामाच्या इतर टप्प्यांनाही लावण्याजोगे आहे.

केवळ पैशांचा कल बदलून काय साधते आणि काय साधत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवात दिसते. तेथे वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेने १९८३ मध्ये प्रत्यक्ष खर्चाची भरपाई सोडून, निदानानुसार रुग्णांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी आधीच ठरलेली रक्कम देण्यास सुरुवात केली. मुक्काम झपाट्याने आखडले. परंतु रुग्ण पुरते सावरण्याआधीच घरी पाठवले जात असल्याची तक्रारही लगेच सुरू झाली. आणि २०१२ पासून, घरी सोडलेले रुग्ण तीस दिवसांत अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा दाखल होतात अशा रुग्णालयांची रक्कम कापण्याची वेळ आली. रुग्ण खाटेवरून उठला म्हणजे त्याची शुश्रूषेची गरज संपते, असे मुळीच नाही. ती कोणाकडे तरी जाते.

या दृष्टीने भारतात झालेला एक प्रयोग आजही सर्वाधिक बोलका आहे. १९५६ पासून मद्रास येथील क्षयरोग केंद्रात, क्षयरोग्याला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवणे खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न काटेकोरपणे तपासला गेला. शहरातील गरीब रुग्णांचे, निवड वैद्यांच्या पसंतीवर न सोडता, दोन गट करण्यात आले. एका गटाला सॅनेटोरियममधील विश्रांती, सकस आहार आणि परिचारिकांची देखभाल मिळाली. दुसऱ्याला तीच औषधे दाटीवाटीच्या घरांत, तुटपुंज्या आहारावर आणि संसाराच्या धबडग्यात घ्यावी लागली. १९५९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष त्या काळच्या वैद्यकीय समजुतीला धक्का देणारे होते: दोन्ही गटांत रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते, आणि घरच्या माणसांना होणारा संसर्गही घरी उपचार घेतल्यामुळे वाढला नव्हता. सॅनेटोरियमचे युग संपण्यामागे हा प्रयोग हे एक मोठे कारण ठरले.

पण या प्रयोगातून ‘घरी पाठवले तरी चालते’ एवढाच अर्थ काढणे घातक ठरेल. तेथे औषधे मोफत होती, रुग्णांच्या घरी भेटी दिल्या जात होत्या, न सांगता जाऊन गोळ्या मोजल्या जात होत्या आणि औषध पोटात गेले की नाही हे लघवीच्या तपासणीतून पाहिले जात होते. खाट काढून घेतली गेली, तेव्हा तिच्या जागी एक संपूर्ण यंत्रणा उभी करण्यात आली होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत हेच वेगळ्या परिस्थितीत दाखवले. आजारी नवजात बाळाला रुग्णालयात नेणे बहुतेक कुटुंबांना अशक्य असताना गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन जंतुदोषावरील प्रतिजैविकांपर्यंतचे उपचार केले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला.

आज मुंबई-पुण्यात शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी घरी पाठवलेल्या वृद्धाच्या जखमेची पट्टी, लघवीची नळी आणि रात्रीची औषधे बहुतांशी सून, मुलगी किंवा पत्नी सांभाळते, आणि तिने त्यासाठी सोडलेल्या कामाचे मोल कोणत्याही बिलात दिसत नाही. मुक्काम कमी करून झालेली बचत जर याच मार्गाने येत असेल, तर ती बचत नसून खर्चाचे हस्तांतर आहे. दुर्गम भागातील माणसासाठी तर ‘अनावश्यक’ या शब्दाचा अर्थच बदलतो, कारण फेरतपासणीला येण्याजाण्याचा खर्च आणि पावसाळ्यात तुटणारा रस्ता लक्षात घेता दोन दिवस अधिक राहणे हाच त्याचा शहाणपणाचा निर्णय असतो. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ चालणाऱ्या ‘माहेरघर’ योजनेने गर्भवतींसाठी यावर तोडगा काढला: प्रसूतीची तारीख जवळ आली की रुग्णालयाची खाट न अडवता केंद्रालगतच राहण्याची सोय. शस्त्रक्रिया झालेल्या किंवा कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयांलगत अशीच साधी निवासव्यवस्था सार्वजनिक खर्चातून होऊ शकते.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत घरी परतल्यानंतरच्या १५ दिवसांच्या खर्चाची तरतूद आजही आहे. त्या १५ दिवसांत प्रशिक्षित परिचारिकेच्या ठरावीक गृहभेटी बंधनकारक करून त्यांचा स्वतंत्र मोबदला दिला गेला, खासगी विम्यातील २४ तासांची अट काढून उपचारांच्या गरजेवर दावा मंजूर होऊ लागला, आणि औषधोपचारांच्या पॅकेजांतील दिवसागणिक मोबदला शक्य तेथे आजारागणिक झाला, तर रुग्णालयाला, विमा कंपनीला आणि कुटुंबाला प्रथमच एकाच दिशेने जाणे परवडेल. या तिन्हींपैकी गृहभेटींचा मोबदला आधी यावा लागेल. तो नसताना उरलेले दोन बदल केले, तर अमेरिकेतील १९८३ नंतरची तक्रार येथे अधिक गरीब घरांतून ऐकू येईल.