सोसणारी भगवंती

एखाद्या दोषाचे हुबेहूब चित्र लोकांपुढे मांडले म्हणजे त्यांस त्याचा वीट येईलच, असे आपण सहज धरून चालतो. परंतु तसे नेहमी घडते काय?

सन १९८४ च्या जुलै महिन्यात दूरदर्शनावर 'हम लोग' ही हिंदी मालिका सुरू झाली. मनोहर श्याम जोशी ह्यांनी ती लिहिली होती. मेक्सिको देशात अशा कथांच्या द्वारे लोकशिक्षण झाले होते. तोच कित्ता येथे गिरवावयाचा होता. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार हे वयोवृद्ध नट पुढे येऊन तात्पर्य सांगत. ह्या कथेतील आई भगवंती. नवरा मद्यपी, घरात तिच्या शब्दाला किंमत नाही, आणि ती सर्व काही मुकाट्याने गिळते. हिला पाहून स्त्रियांनी म्हणावे की, आपण अशा होऊ नये, हा कर्त्यांचा हेतू. पुढे संशोधकांनी प्रेक्षकांस विचारले, तेव्हा पुष्कळांनी तिलाच आदर्श स्त्री ठरविले होते!

त्यांस मूढ म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. भगवंती प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, आणि हे गुण खरेच आहेत. पण तिचा चांगुलपणा व तिच्यावरील अन्याय ही एकाच चित्रात दिसल्याने पाहणारा म्हणतो, ही सोसते म्हणूनच चांगली. येथेच खरा प्रश्न आहे. सोसावे की न सोसावे हे ज्याच्या हाती आहे, त्याचे सोसणे सद्गुण होय. जिला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावयास जागाच नाही, तिच्या सोसण्याची स्तुती करणे म्हणजे मारणाऱ्याची सोय पाहणे नव्हे काय?

अलीकडच्या मराठी मालिकांनी हा दोष ओळखला, परंतु दुसरा पत्करला. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६ ते २०२१) हिच्यातील राधिका पतीने फसविल्यावर मसाल्यांचा धंदा काढून मोठी होते. हे पाहून आनंद वाटतो. मात्र उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या बाईची कंपनी कधीच निघणार नाही. मग तिचा मान कोणत्या भागात परत यावा? धनी झाल्यावरच स्त्री मानास पात्र होते, असे तर आपण शिकत नाही ना?

तरी मालिका अगदी व्यर्थ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. जेन्सन व ऑस्टर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिहार, गोवा, हरियाणा, तामिळनाडू व दिल्ली येथील माहिती आहे. ज्या खेड्यांत केबल पोहोचली, तेथे नवऱ्याचा मार रास्त मानणाऱ्या स्त्रिया कमी झालेल्या त्यांस आढळल्या. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही शेकडा ४५ स्त्रियांनी व ४४ पुरुषांनी कोणत्या ना कोणत्या कारणासाठी बायकोस मारणे योग्य ठरविले. आणि अत्याचार सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे चौदांनीच कोणाकडे मदत मागितली.

२००५ साली कायदा झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. पीडित स्त्रीस राहत्या घरात राहण्याचा हक्क त्याने दिला. शिवाय संरक्षण अधिकाऱ्यास खबर देण्याचे काम तिच्या एकटीवर ठेवले नाही. शेजाऱ्यासही ती देता येते, व प्रामाणिकपणे दिल्यास त्याच्यावर कसलाही बोजा येत नाही.

एके संध्याकाळी आम्ही एका खेड्यात ओळखीच्या घरी बसलो होतो. मालिकेतील सुनेला सासू टाकून बोलत होती आणि म्हाताऱ्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. इतक्यात पलीकडच्या घरातून मारझोडीचा व रडण्याचा आवाज आला. "त्यांचे रोजचेच आहे," असे म्हणून कोणीतरी संचाचा आवाज वाढविला. दुसऱ्यांचे सांगावयाचे तर आपलेही सांगितले पाहिजे. तो भाग संपेपर्यंत आम्हीही जागचे उठलो नाही.