खिडकीचे गज आणि दैव

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून लहान मूल खाली पडले की जमलेल्या गर्दीत हमखास दोन वाक्ये ऐकू येतात. एक, ‘त्याचं आयुष्यच तेवढं होतं.’ दुसरे, ‘आई कुठं गेली होती?’ पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून निघतात आणि त्यांचे एकमेकांशी जमत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. आयुष्याची दोरी तेवढीच असेल तर आईचा दोष काय? आणि दोष आईचा असेल तर दैवाचे नाव कशाला? तरी आपण दोन्ही म्हणतो, कारण दोन्हींमुळे एक प्रश्न मागे राहतो: त्या खिडकीला गज का नव्हते? माझे म्हणणे असे आहे की लहान मुलाच्या अपघातात दैवाला पुढे करणे ही श्रद्धेची भाषा वाटत असली तरी आपल्या धर्मविचाराचा तिला आधार नाही. ज्या ग्रंथांची आणि संतांची नावे आपण घेतो, त्यांच्याच कसोटीवर ती टिकत नाही.

हा प्रश्न लातूर-नांदेडकडे आज जितका आहे तितका दोन पिढ्यांपूर्वी नव्हता. जुने घर माळवदाचे. जाड भिंती, कोनाडे, देवळ्या, उजेडासाठी छतात ठेवलेले साणे; खिडकी असलीच तर छोटी आणि लाकडी किंवा लोखंडी गजांची. उन्हाळ्यात माळवदावर झोपताना पोरे पडत, नाही असे नाही. पण रोजचे रांगणे-खेळणे जमिनीलगत चाले. आता लातूर पॅटर्न आणि शिकवण्यांच्या निमित्ताने खेड्यातली कुटुंबे शहरात भाड्याने राहायला येतात. मोठ्या मुलाच्या बारावीसाठी आई येते आणि तिच्यासोबत धाकटे लेकरूही येते. घर मिळते दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. खिडकी ॲल्युमिनियमची, सरकती. तिच्या खालीच दिवाण, कारण खोली लहान आणि वारा तिथेच. मोजून पाहा: खिडकीचा कट्टा जमिनीपासून तीन फूट, दिवाण दीड फूट. दिवाणावर उभ्या राहिलेल्या मुलापुढे उरतो दीड फूट. अडीच-तीन वर्षांच्या मुलाची उंची तीन फुटांच्या आसपास, म्हणजे कट्टा त्याच्या कमरेशी येतो. त्यात लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड. ते वाकले की तोल पुढे जातो. पुढे असते ती डासांची नायलॉनची जाळी. ती डास अडवते, मुलाचे वजन पेलत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडची खास आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, खिडकीत कूलर बसवायचा म्हणून गज कापून घेतले जातात. पावसाळा लागला की कूलर माळ्यावर जातो, खिडकीतले भोक मात्र तसेच राहते.

अशा भोकाला दैव म्हणावे का, याचे उत्तर या भूमीने एकदा फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. देवाचा कोप झाला, असे तेव्हा कितीतरी लोक म्हणाले. त्यांच्या दुःखाबद्दल बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण पुढे अभियंत्यांनी ढिगारे पाहिले तेव्हा दिसले ते वेगळे. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधून ठेवणारे आडवे दगड त्यात नव्हते. वर फूट-दोन फूट मातीचे माळवद. भिंत फुटली आणि छत खाली आले. त्याच गावांत हलक्या कुडाच्या झोपड्यांत राहणारे बरेच लोक वाचले. धक्का एकच होता. भूकंप कुणाच्या हातात नव्हता, भिंतीची बांधणी मात्र होती. पुनर्वसनातली घरे बांधताना भिंतीभोवती काँक्रीटचे पट्टे घालायचे ठरले, ते देवावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. ज्यांची अख्खी घरे गेली होती, त्यांनी नव्या घरातही देव्हारा मांडलाच. देव्हारा आणि काँक्रीटचा पट्टा यांत त्यांना विरोध दिसला नाही, आणि तो नाहीच.

उघड्या बोअरचेही तेच. पाण्यासाठी शेकडो फूट खाली जाणाऱ्या या भागात कोरडी गेलेली बोअर तशीच सोडून द्यायची सवय होती. 2006 मध्ये हरियाणात बोअरमध्ये पडलेला एक मुलगा दोन दिवसांनी जिवंत वर आला तेव्हा सगळ्या देशाने देव तारी त्याला कोण मारी असे म्हटले. नंतर ठिकठिकाणी पडलेली कितीतरी मुले वर आली ती मृतच. म्हण वाचलेल्याला लागू पडते. न वाचलेल्याच्या आईपुढे ती उच्चारून दाखवावी, म्हणजे तिच्यात काय उरते ते कळेल. देवाला त्या मुलाला तारायचे नव्हते, असे का म्हणायचे? सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निर्देश दिले: बोअर घेताना भोवती कुंपण हवे, पाइपाला पक्के झाकण हवे, निकामी बोअर वरपर्यंत बुजवलेली हवी. न्यायालयाने कुणाच्या नशिबाची चर्चा केली नाही, झाकण मागितले.

खिडकीबाबतचा पुरावा आणखी स्पष्ट आहे आणि तो न्यूयॉर्कचा आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुले पडण्याचे प्रमाण फार होते, विशेषतः गरीब वस्त्यांत. शहराच्या आरोग्य खात्याने घरोघर जाऊन पालकांना समजावले आणि लहान मुले असलेल्या घरांना खिडकीचे गज मोफत दिले. ब्राँक्स भागात 1973 ते 1975 या काळात नोंद झालेले अपघात निम्म्याने घटले. 1976 मध्ये कायदाच झाला: दहा वर्षे किंवा त्याखालचे मूल राहत असेल तर खिडकीला गज लावून देणे ही घरमालकाची जबाबदारी. आता दैववाद्याने सांगावे, दोन वर्षांत ब्राँक्समधल्या मुलांचे प्रारब्ध बदलले का? त्यांच्या पूर्वजन्मीच्या पापपुण्याचा हिशेब आरोग्य खात्याने नव्याने मांडला का?

यावर एक चतुर उत्तर येते: गज लागणे हेही त्यांच्या नशिबातच होते. हरकत नाही, मान्य करू. पण मग नशिबाच्या विचारातून गज न लावण्याचे कारण निघत नाही. हा वाद प्राचीन ग्रीकांनीही घातला होता. आजारी माणूस बरा व्हायचा असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, सारखेच, या तर्काला त्यांनी आळशी तर्क असे नाव दिले होते. आणि क्रिसिपस हा तत्त्वज्ञ, जो स्वतः दैव मानणारा होता, त्याचे उत्तर होते की बरे होणे आणि वैद्य बोलावणे ही दोन्ही एकत्रच ठरलेली असू शकतात. दैव कितीही खरे धरले तरी फॅब्रिकेशनवाल्याला फोन करायचा की नाही, हा निर्णय आपल्याकडेच राहतो.

आता आपले ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. हे पाचवेही प्रारब्धाच्या अर्थाने घ्यायचे की नाही यावर आचार्यांचे एकमत नाही; शंकराचार्यांनी तिथे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता मानल्या, रामानुजाचार्यांनी अंतर्यामी परमात्मा. ज्यांना तिथे नशीबच वाचायचे आहे त्यांनी वाचावे, पण आधीची चार गाळून एकट्या पाचव्यावर सगळा भार टाकायची मुभा तो श्लोक कुणालाच देत नाही. मराठवाड्यातल्याच जांब गावी जन्मलेल्या समर्थांनी दासबोधात यत्नाला देवाच्या जागी बसवले. सुफी दर्ग्यांच्या या प्रदेशातल्या मुसलमानाला आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा ही पैगंबरांची शिकवण नवी नाही. नांदेडला गुरू गोविंदसिंगांच्या चरणी येणारा भाविक परमेश्वराचा हुकूम मानतो, पण त्या गुरूंचे उभे आयुष्य हात बांधून बसणाऱ्याचे नव्हते. आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मावर आजची स्थिती ढकलणाऱ्या सिद्धान्तावर नेमका घाव घातला: असा सिद्धान्त राज्याला आणि समाजाला जबाबदारीतून सोडवतो. पडलेल्या मुलाबाबत तो कुणाकुणाला सोडवतो? गज कापून घेणाऱ्याला, कठडा बुटका ठेवणाऱ्या गुत्तेदाराला, वर्षाचे भाडे आगाऊ घेऊन खिडकीकडे न पाहणाऱ्या घरमालकाला, आणि घरातल्या बापालाही.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती महाभारताच्या आदिपर्वातली मांडव्य ऋषींची कथा. चोरांनी मांडव्यांच्या आश्रमात चोरीचा माल लपवला आणि राजाने निरपराध ऋषींना सुळावर चढवले. पुढे ऋषींनी खुद्द धर्मराज यमाला जाब विचारला: कोणत्या पापाचे हे फळ? यम म्हणाला, लहानपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचली होती. ऋषी संतापले. अजाण वयातल्या कृतीला एवढी शिक्षा? त्यांनी यमालाच शाप दिला, तोच पुढे विदुर होऊन जन्मला; आणि नियम घालून दिला की चौदा वर्षांपर्यंत मुलाच्या हातून काहीही घडले तरी त्याचे पाप त्याला लागणार नाही. या कथेत कर्माचा हिशेब ठेवणाराच चुकला आहे आणि माणसाने त्याला दुरुस्त केले आहे. ज्या परंपरेने बालपणाच्या चुकीपासून मुलाला यमाच्या दरबारातही मोकळे केले, तिच्याच नावाने दोन वर्षांच्या लेकराच्या मृत्यूला ‘त्याचं कर्म’ म्हणणे मला सहन होत नाही. पूर्वजन्म मानणारा म्हणेल की चौदा वर्षांची मर्यादा याच जन्मापुरती आहे. असेल. पण मागच्या जन्मात काय घडले हे ते मूल, त्याचे आईबाप किंवा उपदेश करणारा यांपैकी कुणालाच ठाऊक नाही. ज्याची साक्ष कुणी देऊ शकत नाही, त्यावरून तान्ह्या मुलाला दोषी ठरवणे कोणत्या न्यायात बसते?

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दैव हा दुःखिताचा आधार आहे. मूल गेलेल्या आईला ‘गज असते तर वाचला असता’ हे ऐकवणे क्रौर्य आहे. ‘देवाची मर्जी’ म्हटल्याने ती निदान त्या रात्री श्वास घेऊ शकते. हे मी पूर्ण मानतो. सांत्वनाला आलेल्याने तिथे हिशेब मांडू नये. पण सांत्वन घडून गेल्यावरचे असते आणि ते त्या घरापुरते असते. शेजारच्या बिल्डिंगमधली खिडकी अजून उघडी आहे, तिथले मूल आज दिवाणावर चढते आहे. त्याच्याबाबत ‘मर्जी’ बोलायची वेळ आलेलीच नाही. मेलेल्यासाठी म्हणायचे शब्द जिवंत मुलाच्या बाबतीत वापरणे ही त्या सांत्वनाचीही विटंबना आहे.

आईच्या लक्षाचा मुद्दा याहून अवघड आहे, कारण तो प्रेमाच्या भाषेत येतो: आईने डोळ्यांत तेल घालून पाहावे. कुणी सांगावे, स्वयंपाक, पाणी भरणे, मोठ्याचा डबा, खाली आलेला भाजीवाला या सगळ्यांत एक बाई दिवसभर एका क्षणाचीही चूक न करता कशी पाहील? लक्ष ढळणे हा माणसाचा स्वभाव आहे, पाप नव्हे. आपल्या संतांनी देवाला माउली म्हटले ते तिच्या मायेपोटी. जी दक्षता आपण देवाकडून मागतो तीच एका थकलेल्या बाईकडून चोवीस तास मागणे आणि ती चुकली की तिला गुन्हेगार ठरवणे, यात तिच्यावर अन्याय आहे. बाईला डुलकी लागू शकते, गजाला लागत नाही. घराची जबाबदारी घरातल्या सगळ्यांनी आणि घर बांधणाऱ्याने वाटून घ्यायची असते. राष्ट्रीय इमारत संहितेत गच्ची आणि बाल्कनीच्या कठड्याला किमान एक मीटर उंची सांगितली आहे ती याच समजुतीने.

उरलेले आक्षेप लहान आहेत. उकाड्यात खिडकी बंद कशी ठेवायची? ठेवू नये, गजांतून वारा येतो, मूल जात नाही, फक्त दोन गजांमधले अंतर चार इंचांहून कमी हवे. आग लागली तर गजांमुळे अडकू? म्हणून एका खिडकीची ग्रिल आतून उघडणारी, कडी मुलाच्या हाताच्या वर असलेली करून घ्यावी. आमची पिढी माळवदावरच वाढली, पोरांना इतके जपू नये? पोरांनी झाडावर चढावे, पडावे, गुडघे फोडून घ्यावेत. त्या पडण्यातून मूल शिकते. तिसऱ्या मजल्यावरून पडून कुणी शिकत नाही.

सप्ताहाच्या मांडवात लातूर-नांदेडच्या खेड्यांतून शेकडो माणसे रात्री कीर्तनाला बसतात, गुरुद्वाऱ्यात आणि मशिदीत बसतात, विहारात बसतात. तिथे बोलणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रारब्धावर बोलाल तेव्हा मांडव्य ऋषींनाही आठवा, आणि त्याच बैठकीत ऐकणाऱ्यांना सांगा की घरी गेल्यावर दिवाण खिडकीपासून बाजूला ओढा. घरमालकांना सांगा की जूनमध्ये कूलर उतरवल्यावर कापलेल्या जागी गज पुन्हा वेल्डिंग करून घ्या, आणि भाडेकरूचे सामान वर चढायच्या आधी घ्या.