चाळिशीनंतरची उमेदवारी

सनदी लेखापालाच्या, म्हणजेच सीएच्या परीक्षेला कमाल वयाची अट नाही. त्यामुळे पदवीला ठरावीक गुण असलेली पंचेचाळिशीतील व्यक्तीही फाउंडेशनचा पहिला टप्पा वगळून थेट इंटरमिजिएट या मधल्या टप्प्याला प्रवेश घेऊ शकते. प्रत्येक विषयात ४० टक्के आणि एकूण बेरजेत ५० टक्के गुणांचा निकष वयाकडे पाहून सैल होत नाही. परंतु अधिक अवघड असते ती आर्टिकलशिप, म्हणजे अनुभवी लेखापालाच्या हाताखालची, नव्या योजनेनुसार दोन वर्षांची उमेदवारी, कारण ज्याच्यावर घराचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण अवलंबून आहे, त्याला या काळात तुटपुंज्या विद्यावेतनावर भागवावे लागते आणि आपल्या मुलाच्या वयाच्या सहकाऱ्यांसोबत व्हाउचर, म्हणजे व्यवहाराचा लेखी पुरावा, तपासत बसावे लागते. तरीही ज्याने वीस वर्षे दुकानाची रोजकीर्द, म्हणजे दैनंदिन व्यवहारांची वही, लिहिली आहे, त्याला उधारी का थकते आणि शिल्लक मालाचे मूल्य वाढवून दाखवले की नफा कसा फुगतो, हे पुस्तकाआधीच ठाऊक असते, आणि ही जाण, जी लेखापरीक्षणाचा गाभाच म्हणावी लागेल, तरुण विद्यार्थ्याला सहसा उशिरा येते. अशा प्रौढ विद्यार्थ्याचा अभ्यास बहुधा पहाटे, घर जागे होण्यापूर्वी चालतो.